हरणीच्या कमाईचा हिशेब

माझ्या कपाटात लाल पुठ्ठ्याची एक वही आहे. पहिल्या पानावर नाव हरणीचं आहे. हरणी म्हणजे अंगावर वाघासारखे पट्टे असलेली एक ग्रेहाउंड कुत्री. इंग्लंडमधल्या एका ट्रॅकवर ती २०१७ ते २०१९ अशी अडीच वर्षं धावली. आम्ही आठजण मिळून तिचे मालक होतो, आठवा हिस्सा माझा.

मी सांगली जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या घरातली, गोठ्यात वाढलेली. इंग्लंडात आल्यावर कार्यालयात पगारपत्रकं करता करता वर्षं गेली आणि जनावराच्या पाठीवरून हात फिरवायला मिळेना. निवृत्तीला टेकलेले एक सहकारी अशाच सिंडिकेटमध्ये होते. एक हिस्सा मोकळा झाला तेव्हा त्यांनी मला विचारलं आणि मी लगेच हो म्हटलं. पैजेची हौस मला तेव्हाही नव्हती, आजही नाही. मला कुत्री ठेवतात त्या केनेलमध्ये जायचं होतं.

शर्यतीच्या कागदांवर तिचं नाव लांबलचक होतं. हाक मारायला छोटं नाव लागतं, ते ठेवायचा मान मला मिळाला. आमच्या गोठ्यात हरणी नावाची गाय होती. तेच नाव दिलं.

हरणी ६८ वेळा धावली, ११ वेळा जिंकली. तिनं मिळवलेला प्रत्येक पौंड आम्ही निवृत्त ग्रेहाउंडना घरं शोधून देणाऱ्या संस्थांना दिला. ते करताना काय काय शिकले, ते इथे क्रमानं लिहिते. कुणाच्या तरी उपयोगी पडावं, एवढीच इच्छा.

१. बक्षीस येताक्षणी बाजूला काढा, खर्च वजा करत बसू नका

हरणी पहिल्यांदा जिंकली त्या रात्री दान करायची कल्पना निघाली. सगळ्यांना ती आवडली. पण एकजण म्हणाले, आधी केनेलचा खर्च वजा करू, मग उरेल ते देऊ. ऐकायला ते रास्त वाटलं. मी घरी येऊन आकडे मांडले.

आमच्या श्रेणीत जिंकल्यावर साधारण १३० पौंड मिळत, मागे राहिलं तरी धावल्याबद्दल ४० च्या आसपास. केनेलचा, खुराकाचा आणि ट्रेनरचा खर्च मात्र दिवसाला ८ पौंड. अडीच वर्षांत हरणीनं कमावले सुमारे ३,७०० पौंड आणि तिच्यावर खर्च झाला ७,२०० पौंडांच्या घरात. आधी खर्च वजा केला असता, तर दानाला एक पेनीही उरली नसती. बहुतेक छोट्या मालकांचं असंच असतं. खर्च सगळेच हौसेखातर सोसतात, म्हणजे तो हौसेच्याच खाती टाकला पाहिजे. पूर्ण बक्षीस देऊन टाकलं तर आठजणांत माणशी महिन्याला तीसएक पौंडांचा भार येत होता. तेवढा प्रत्येकाला झेपणारा होता.

हे पटवताना मी त्यांना आजोबांच्या ढवळ्याची गोष्ट सांगितली. ढवळ्या म्हातारा झाला, औताला चालेना. बाजारात त्याला घ्यायला व्यापारी तयार होता. घरातल्यांनी बैल फुकट खातो म्हटलं, तेव्हा आजोबा म्हणाले, "त्यानं कमावलेल्यातलंच खातोय तो. आपण कोण देणारे?" ढवळ्या शेवटपर्यंत आमच्या दावणीला राहिला. हरणीचं बक्षीसही आमचं नव्हतंच, हे माझ्या डोक्यात त्या गोष्टीमुळे पक्कं बसलं.

२. शर्यत अर्ध्या मिनिटाची असते, हे विसरू नका

सहा पेट्या, सहा कुत्री. पहिलीच्या अंगावर लाल झूल, मग निळी, पांढरी, काळी, नारिंगी आणि सहावीच्या अंगावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची. बनावट ससा विजेवर सरसरत पुढे जातो, पेट्यांची दारं उघडतात आणि चारशे मीटर पंचवीस सेकंदांच्या आत-बाहेर संपतात. या कुत्र्यांचा वेग तासाला सत्तर किलोमीटरपर्यंत जातो. प्रत्येक ढांगेत दोनदा चारही पाय जमिनीवरून सुटतात. हरणीला असं धावताना पाहिलं की माझ्या डोळ्यांत पाणी यायचं.

पण सव्वा-दीड वर्षाची असताना ही कुत्री शर्यतीत उतरतात आणि चार-पाच वर्षांची होईतो थांबतात. काही तर त्याआधीच. ग्रेहाउंडचं आयुष्य दहा ते चौदा वर्षांचं. म्हणजे अर्ध्याहून जास्त आयुष्य ट्रॅकनंतरचं, आणि त्या आयुष्यात बक्षीस नाही, ट्रेनर नाही, टाळ्या नाहीत.

त्या आयुष्याचा विचार या खेळाला फार उशिरा सुचला. ओवेन पॅट्रिक स्मिथ या अमेरिकी माणसानं यंत्रावर पळणारा ससा घडवला आणि १९१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एमरीव्हिलला त्याच्यामागे कुत्री धावली. २४ जुलै १९२६ रोजी मँचेस्टरच्या बेल व्ह्यूला ब्रिटनमधली तशी पहिली शर्यत झाली. पुढे मिक द मिलर या कुत्र्यानं १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं इंग्लिश डर्बी जिंकली. तो इतका लाडका झाला की मेल्यावर त्याचा देह पेंढा भरून जतन केला गेला. तो आजही ट्रिंगच्या संग्रहालयात पाहायला मिळतो. मीही जाऊन पाहिला. काचेपुढे उभी असताना मला त्याच्या मागे राहिलेल्या पाचांचीच आठवण येत होती. निवृत्त कुत्र्यांना घरं मिळवून देणारा न्यास या खेळातल्या मंडळींनी उभा केला तो १९७५ मध्ये. बेल व्ह्यूनंतर तब्बल ४९ वर्षांनी.

३. "कुठे गेला?" हे विचारत राहा

सिंडिकेटमध्ये येऊन सहा महिने झाले होते. केनेलमध्ये शेवटच्या कप्प्यात एक तांबूस कुत्रा असायचा. एका रविवारी तो दिसला नाही. विचारलं, तर "घर मिळालं" एवढंच उत्तर आलं. कुठलं घर, कुणी दिलं, कागद कुठे आहे? मी तीन आठवडे विचारत राहिले. तेव्हा कुठे एका दत्तक संस्थेचं नाव कळलं. फोन केला तर तो खरोखर तिथे होता, सुखरूप. पण ते तीन आठवडे मला नीट झोप लागली नाही.

त्याला कारण होतं. २००६ मध्ये इंग्लंडच्या ईशान्येला, डरहॅम परगण्यातल्या सीहॅम गावी एक माणूस पैसे घेऊन नको झालेले ग्रेहाउंड मारून आपल्या जमिनीत पुरतो, हे वर्तमानपत्रानं उघड केलं. अनेक वर्षांत मिळून हजारो कुत्री तिथे पुरली गेली होती. देश हादरला. चौकश्या झाल्या, २०१० मध्ये इंग्लंडात शर्यतीच्या ग्रेहाउंडसाठी कल्याणाचे नियम आले, प्रत्येक ट्रॅकवर पशुवैद्य सक्तीचा झाला. किती कुत्री जखमी झाली, किती दगावली, किती घरी गेली, याचे देशभराचे आकडे मात्र २०१८ पासून दरसाल जाहीर होऊ लागले.

दान देणाऱ्याला एक अधिकार मिळतो, तो प्रश्न विचारण्याचा. आमच्या वहीत आम्ही एक रकाना वाढवला, कुत्र्याचं नाव आणि त्यापुढे तो आज कुठे आहे. केनेलमधल्या ज्या ज्या कुत्र्याशी आमचा संबंध आला, त्याचा रकाना भरल्याशिवाय आम्ही पान उलटलं नाही.

४. काय द्यायचं ते संस्थेला ठरवू द्या

पहिल्या वर्षी मी उत्साहानं घोंगड्या आणि खेळणी घेऊन एका संस्थेत गेले. तिथल्या बाईंनी चहा दिला, आभार मानले आणि मग मला आतल्या खोलीत नेलं. घोंगड्यांच्या थप्प्या छताला टेकल्या होत्या. त्या म्हणाल्या, घोंगड्या लोक आणतात, दातांचे पैसे कुणी आणत नाही.

ट्रॅकवरून आलेल्या ग्रेहाउंडचे दात अनेकदा फार खराब असतात. वर्षानुवर्षं मऊ, ओलसर खुराक खाल्लेला असतो, दात कुणी घासलेले नसतात. भूल देऊन ते साफ करावे लागतात, कित्येक उपटावे लागतात. त्यांना भूल देणंही जपूनच करावं लागतं, कारण अंगावर चरबी जवळजवळ नसते आणि भुलीची काही औषधं त्यांच्या शरीरातून इतर कुत्र्यांपेक्षा सावकाश उतरतात. त्यात नसबंदी, लसी, जुन्या दुखापतींच्या तपासण्या. एका कुत्र्याला घरी जाण्याजोगं करायला शेकडो पौंड लागतात. शिवाय संस्थेचं वीजबिल, गाडीचं पेट्रोल आणि कामगारांचा पगार चुकत नाही.

तेव्हापासून आमच्या देणगीसोबत एकच ओळ जाते, "जिथे गरज असेल तिथे वापरा." पैसे कशावर खर्च झाले ते संस्था वर्षातून एकदा सांगते. यादी वाचताना वीजबिलाची ओळ आली तरी मला तितकंच बरं वाटतं.

५. जिंकणारीचे पैसे न जिंकलेल्यांपर्यंत पोचवा

जिंकलेल्या कुत्र्याला घर सहज मिळतं. नाव कमावलेल्याचा फोटो लोकांना भावतो. संस्थेत रखडतात ती मोठ्या अंगाची, वयस्कर, बुजरी आणि दुखरी कुत्री.

तिथे एक काळा कुत्रा होता. त्यानं एकही शर्यत जिंकली नव्हती. धावायला लागल्यावर काही महिन्यांतच त्याला काढून टाकलं होतं. माणूस जवळ आला की तो भिंतीला अंग घासत कोपऱ्यात जायचा. अकरा महिने तो तिथे होता. हरणीच्या तीन बक्षिसांतून त्याचे दात, औषधं आणि त्याला माणसांची सवय लावणाऱ्या ताईंचे तास निघाले. अकराव्या महिन्यात एका निवृत्त शिक्षकाच्या घरी तो गेला.

आमच्यातल्या काहींना वाटत होतं की हे पैसे हरणीच्याच म्हातारपणासाठी बाजूला ठेवावेत. त्यावर बराच वाद झाला. शेवटी आम्ही ठरवलं की हरणीची जबाबदारी आम्हा आठ माणसांच्या खिशावर आणि तिची कमाई बाकीच्यांसाठी. पाच कुत्री मागे राहतात म्हणून एक पहिली येते. पहिलीच्या बक्षिसात मागच्या पाचांचाही वाटा असतो.

६. दान म्हणजे माफी नव्हे

हे सांगणं मला सगळ्यात जड जातं.

आमच्या सिंडिकेटचा दुसरा कुत्रा होता, विजू. २०१८ च्या हिवाळ्यात पहिल्याच वळणावर त्याचा मागचा उजवा पाय मोडला. इथे कुत्री घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनं धावतात आणि डावीकडे वळताना सगळा भार उजव्या मागच्या पायाच्या घोट्यावर येतो. त्यामुळे त्या घोट्याचं हाड मोडणं ही या खेळातली ओळखीची दुखापत आहे. विजूचा आवाज मी कठड्यापाशी उभी राहून ऐकला. शस्त्रक्रिया झाली, तो जगला, पण कायमचा लंगडा झाला.

परत येताना गाडीत एकानं समजूत घातली, "आपण निदान दान तरी करतो." ते चांगल्या मनानं म्हणाले. माझ्याच्यानं मान डोलावली गेली नाही. त्या संध्याकाळी विजू धावला तो आमच्यामुळे. आम्ही कितीही दिलं तरी त्या वळणावर जे झालं ते झालंच.

ब्रिटनमधल्या नियामक मंडळाच्याच आकड्यांप्रमाणे २०१८ मध्ये ट्रॅकवर २४२ कुत्री दगावली, २०२४ मध्ये १२३. संख्या निम्म्यावर आली, याचं श्रेय ज्यांनी काम केलं त्यांना द्यायलाच हवं. पण २०२४ मध्ये दुखापतींची नोंद ३,८०९ आहे. त्यातली प्रत्येक नोंद म्हणजे कुणीतरी कठड्यापाशी ऐकलेला तो आवाज. दान करायचंच, पण मनाची टोचणी बंद करायला नव्हे. ती टोचणी जागी राहिली म्हणून आम्ही पुढचे निर्णय घेऊ शकलो.

७. लहरीवर सोडू नका, नियम करा

जिंकल्याच्या आनंदात सगळेच उदार होतात. हरणी सलग नऊ शर्यती हरली, तेव्हा देणगीची आठवण फक्त मलाच राहिली. म्हणून आम्ही बँकेला कायमची सूचना दिली. बक्षीस ज्या खात्यात जमा होई, त्यातून महिनाअखेर सगळी रक्कम आपोआप संस्थेकडे जाई.

मोठ्या पातळीवरही हेच खरं ठरतं. आयर्लंडमध्ये मालकांच्या बक्षिसातून दोन टक्के निवृत्त ग्रेहाउंड न्यासाला जातील आणि तेवढीच भर तिथलं शर्यतींचं मंडळ घालेल, अशी व्यवस्था बसवली गेली. ब्रिटनमधल्या शर्यतीच्या ग्रेहाउंडपैकी बहुसंख्य आयर्लंडमध्येच जन्मतात, म्हणून त्या व्यवस्थेचं मोल मोठं. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२० पासून नवीन कुत्र्याची नोंदणी करतानाच निवृत्तीची ठेव भरावी लागते. सुरुवातीला ती ४०० पौंड होती, अर्धी मालकाची आणि अर्धी नियामक मंडळाची. कुत्रा मान्यताप्राप्त संस्थेत गेला की ती रक्कम संस्थेला मिळते. हा नियम आला तेव्हा मला मनापासून आनंद झाला, कारण निवृत्तीचा विचार धावण्याच्या आधी झाला.

पण खरी मोठी रक्कम पैजेच्या दुकानांकडे असते. ब्रिटनमध्ये घोड्यांच्या शर्यतीसाठी त्यांना कायद्यानं पैसे द्यावे लागतात. ग्रेहाउंडसाठी मात्र उलाढालीच्या ०.६ टक्के ही वर्गणी ऐच्छिक आहे, कुणी देतं, कुणी देत नाही. म्हणून आम्ही आमच्या खासदारांना दोनदा पत्र लिहिलं. आठ माणसांच्या वहीनं जे भागत नाही ते कायद्यानं भागू शकतं.

८. पैसे पाठवून झाल्यावर दार उघडा

संस्थेत जागा कमी आणि रांग मोठी. घर मिळेपर्यंत काही आठवडे कुत्रा सांभाळणारी माणसं त्यांना पैशांइतकीच हवी असतात. मी पहिल्यांदा हो म्हणायला दोन वर्षं घेतली, याची मला खंत आहे.

केनेलमध्ये जन्म गेलेल्या कुत्र्याला घर हा परका मुलूख असतो. जिना कसा चढायचा, ते एकेक पाय उचलून शिकवावं लागतं. काचेच्या दाराला पट्टी चिकटवावी लागते, नाहीतर ते सरळ जाऊन आदळतात. कित्येक जण डोळे अर्धवट उघडे ठेवून झोपतात. झोपेत अचानक हात लावला तर दचकून गुरगुरतात, म्हणून आधी नावानं हाक मारायची. कातडी पातळ, थंडीत अंगावर झूल हवीच. मांजर किंवा ससा दिसला की रक्तातलं जागं होतं, त्यामुळे रस्त्यावर पट्टा सोडायचा नाही.

इथल्या मराठी घरांत मी हे आवर्जून सांगते. मुसकी बांधलेलं एवढं उंच जनावर पाहून आपली माणसं बिचकतात. गावाकडे कामाच्या वेळी बैलालाही मुसकी बांधतात, त्यानं बैल मारका ठरत नाही. ग्रेहाउंड दिवसातले बरेच तास झोपतो, दोनदा फिरवलं की समाधानी असतो, छोट्या फ्लॅटमध्येही राहतो. आपल्याकडच्या सोलापूर-लातूर भागातला कारवान कुत्रा ज्यांनी पाहिलाय, त्यांना ही लांब मान आणि खोल छाती ओळखीची वाटेल. माझं ऐकून तीन मराठी कुटुंबांनी ग्रेहाउंड घरी नेले. वहीत ती नोंद मी हिरव्या शाईनं केली आहे.

९. शर्यत बंद झाली तरी देणं बंद करू नका

अमेरिकेत फ्लोरिडाच्या मतदारांनी नोव्हेंबर २०१८ मध्ये ६९ टक्के मतांनी ग्रेहाउंडवरच्या पैजेच्या शर्यती बंद करायचा कौल दिला आणि २०२० च्या अखेरपर्यंत मुदत दिली. न्यूझीलंड सरकारनं डिसेंबर २०२४ मध्ये आणि वेल्सच्या सरकारनं फेब्रुवारी २०२५ मध्ये बंदीचा निर्णय जाहीर केला. बेल व्ह्यूचा तो पहिला ट्रॅकही २०२० मध्ये बंद पडला.

माझं मत मी लपवत नाही. विजूनंतर मी कुठल्याही नव्या कुत्र्यात हिस्सा घेतला नाही आणि हा खेळ थांबावा असं मला वाटतं. सिंडिकेटमधले तिघे माझ्याशी सहमत नाहीत. त्यांचंही कुत्र्यांवर प्रेम आहे, हे मी जवळून पाहिलंय. पण एका बाबतीत आम्ही आठही जण एकाच बाजूला आहोत. ट्रॅकला कुलूप लागतं त्या दिवशी केनेलमधली कुत्री नाहीशी होत नाहीत. त्या वेळी बक्षिसं थांबलेली असतात, ट्रेनर अडचणीत असतो आणि संस्थांच्या दारात एकदम गर्दी होते. म्हणून हरणी थांबल्यावरही आम्ही बँकेची सूचना रद्द केली नाही. बक्षिसाऐवजी आता प्रत्येकाच्या पगारातून किंवा पेन्शनमधून पंधरा पौंड जातात.

हरणी २०१९ च्या उन्हाळ्यात माझ्याकडे आली. काही आठवडे सांभाळायला म्हणून आली आणि राहिली. आता तिच्या तोंडावरचे पट्टे पांढरे झालेत, जिना तिला झेपत नाही म्हणून मीच खाली झोपते.

आमच्याकडे आषाढात बेंदूर असतो. आजोबा त्या दिवशी बैलांना न्हाऊ घालायचे, शिंगं रंगवायचे आणि पहिली पुरणपोळी बैलांच्या तोंडात द्यायचे. ढवळ्या औताला चालत नव्हता तेव्हाही त्याची पोळी चुकली नाही. मी दरवर्षी त्याच दिवशी वही काढते, वर्षभरात गेलेली रक्कम मांडते आणि रकान्यातल्या कुत्र्यांची खबर घ्यायला संस्थांना फोन करते. पुरणात जायफळ असतं आणि ते कुत्र्याला चालत नाही, म्हणून हरणीसाठी एक साधी पोळी लाटते. ती माझ्या हातातून अलगद घेते आणि आपल्या अंथरुणावर नेऊन खाते.